फक्त सायकलींसाठी

"मागचा हूक बसवायला बसेल हो काका, पण ओढायला नाही चालायचं," गाडीखालून सरकत बाहेर येत फिटर म्हणाला. "या मॉडेलला कंपनीने मागे काही ओढायची परवानगीच दिलेली नाही. टोबारचा हूक लावून देतो, पण तो फक्त सायकली टांगण्यापुरता. त्याला कॅरॅव्हॅन जोडलीत तर पोलीस धरतील, आणि विमावाले हात वर करतील ते वेगळंच."

ट्रेव्हर बघतच राहिला. अर्धं आयुष्य कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, गाडीमागे ओढत फिरलेला माणूस, आणि गाडी घेताना ती ओढते का, एवढंसुद्धा त्याने विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसा? थंडीत डॉक्टरांनी त्याच्या बायकोचे, ब्रेंडाचे रिपोर्ट बघून मान हलवली, तेव्हाच त्याने सगळ्या सहलींवर पाणी सोडलं होतं. जुनी दणकट डिझेल गाडी विकून टाकली आणि कमी पेट्रोल पिणारी ही चिमुरडी आणली, ती निव्वळ हॉस्पिटलच्या खेपांसाठी. आशा सोडायची घाई त्याला झाली होती, ब्रेंडाला नाही. परवा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "ट्रेव्हर, एकदा समुद्रावर, व्हिटबीला जाऊन येऊ या का रे, आपली कॅरॅव्हॅन घेऊन?" आणि हा गडी शनिवारचा वायदा करून बसला.

"दुसरी एखादी गाडी बघा की भाड्याने," फिटर म्हणाला.

ट्रेव्हरने नकारार्थी मान हलवली. आज सकाळीच घरी येणाऱ्या नर्सने त्याला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं होतं. ब्रेंडाला अंथरुणातून हलवायचं आता मनातही आणू नका, म्हणाली. शनिवारपर्यंतची खात्रीही देता येत नाही. म्हणजे गाडी कुठलीही असो, व्हिटबी काही व्हायचं नव्हतं. त्याला आता एवढंच हवं होतं, की डोळे मिटताना ब्रेंडाला वाटावं, आपण निघालोय. तेवढं जरी तिच्या पदरात पडलं तरी पुष्कळ होतं.

"लाव तू," तो म्हणाला.

"तारांचं सामान पुढच्या आठवड्यात येईल. तोवर जे मागे लावाल त्याचे दिवे नाही लागणार."

"दिव्यांचं राहू दे."

"बरं, सायकली कोण चालवणार? तुम्ही?"

"बायको."

"काकू भलत्याच दमाच्या दिसतात!" फिटर हसला. ट्रेव्हरही हसला. मग तो उगाच बाहेर जाऊन उभा राहिला.

ब्रेंडाचा पलंग आता पुढच्या खोलीत, खिडकीशी होता. खिडकीबाहेरच कॅरॅव्हॅन उभी होती, पाठ घराकडे आणि तोंड रस्त्याकडे. तिच्याआड पुढची गाडी काही दिसायची नाही.

"बसला?" ब्रेंडाने विचारलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"बसला. एकदम ठणठणीत."

"मग जोडून दाखव. तुझ्या नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायला मी काय काल लग्न होऊन आलेय, म्हाताऱ्या?"

त्याने गाडी मागे घेतली. एरवी मागे उभं राहून हाताने थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं दाखवायला ब्रेंडा असायची. एकट्याने घेताना गाडी एकदा धडकली, एकदा वाकडी गेली. शेवटी कॅरॅव्हॅनचं तोंड हुकाच्या गोळ्यावर खट्‌कन बसलं. त्याला हायसं वाटलं. जिंकलो, असंच वाटलं.

"आता दिवे!" उघड्या खिडकीतून हाक आली.

निघण्याआधी एकाने गाडीत बसून बटणं दाबायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहून कुठला दिवा लागला ते ओरडून सांगायचं, ही प्रत्येक कॅरॅव्हॅनवाल्याच्या घरची रीत. या घरात ते खातं ब्रेंडाचं, आणि तिच्यापाशी दयामाया नव्हती. एका वर्षी एक बल्ब जरा मंद दिसला, तर तिने भरलेली कॅरॅव्हॅन फाटकातून मागे घ्यायला लावली होती. दुकानं बंद, सुट्टीचा दिवस फुकट, ट्रेव्हरची नुसती आदळआपट. पण बाई हलली नाही. न लागलेल्या दिव्याला लागला म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"दिव्यांचं शनिवारी बघू गं!"

"शनिवारी बघू म्हणे! बस आत मुकाट्याने."

तो बसला. कॅरॅव्हॅनच्या दिव्यांची तार तशीच लोंबत होती. ती खुपसायला गाडीला जागाच नव्हती. आता सगळं सोंग उघडं पडणार होतं. आणि सोंगाचं काय घेऊन बसलात, शनिवार नाही हेही तिला त्याच क्षणी कळणार होतं, आणि तेही त्याच्याच हातून. त्याने मान खाली घातली आणि डावा इंडिकेटर लावला. गाडीत टिकटिक सुरू झाली.

"डावा लागला!"

ऐकण्यात चूक झाली असं त्याला वाटलं. त्याने उजवा लावला.

"उजवा लागला!"

त्याने ब्रेकवर पाय ठेवला. मग तो पाय त्याला उचलवेना. समोरचा रस्ता पाण्यातून बघावा तसा दिसायला लागला होता.

"ब्रेकचेपण लागले!" उरलासुरला सगळा श्वास लावून ब्रेंडा ओरडली. मग बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला, आणि त्यामागून तिचा आवाज, अगदी हळू:

"झालं तुझं समाधान? आता आत ये, वेड्या, आणि माझ्यापाशी बस."