दुप्पट वाढीचे मासे

माशांची वाढ रोखणारं जनुक तिने सहा वर्षं खपून शोधून काढलं. ते बंद केलं की मासे दुप्पट वाढायचे. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर तिच्या सरांचं नाव होतं आणि त्यांच्या जावयाचं. तिचं नव्हतंच. तिने सरळ राजीनामा दिला.

जावयाने त्याच माशांनी वीस तळी भरली. वर्षभराने सरांचा फोन आला, तेव्हा ते अगदी रडकुंडीला आले होते.

"अगं, साधी बुरशी लागली नि मासे पटापट मरताहेत! सगळी ताकद वाढीतच जाते, आजाराशी लढायला अंगात काही उरतच नाही. तुला कल्पना होती का गं?"

 

"होती, सर. फक्त पुरावा नव्हता. तो आता तुमच्या तळ्यांत तरंगतोय."