हवापाणी

टोळीतली हाडं मोडायची कामं मामाकडे असायची. छोट्याची दोन बोटं चेचून झाली होती आणि गुडघ्यासाठी मामानं हातोडा उचलला, तेवढ्यात आभाळ फाटलं आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. नियम कडक होता. नदीपलीकडच्या अड्ड्यावरून म्होरके काका आणि सगळी टोळी थेट बघत असल्याशिवाय घाव घालायचा नाही. फोनला पोलिसांचे कान, म्हणून चित्र जायचं ते दोन गच्च्यांवरच्या समोरासमोरच्या डिशमधून. मधे धुवांधार पाऊस आला किंवा डिशवर पाणी ओघळलं, की लिंक मान टाकायची.

छोट्या म्हणजे काकांचाच पोरगा. टोळीची खबर बाहेर विकून बसला होता.

"मामा, गुडघे तरी राहू द्या," तो रक्त थुंकत म्हणाला.

"माझे असते तर राहू दिले असते. थांब, पाऊस बघून येतो."

मामा बादलीभर पाणी घेऊन गच्चीवर गेला. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. त्यानं बादली डिशवर उपडी केली.

फोन वाजला. फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायची मुभा होती.

"पाऊस काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"धो धो, काका. आज काही थांबत नाही. तुमच्याकडे?"

"इथंही तेच रे."

 

मामानं मान वर केली. नदीपलीकडे, समोरच्या गच्चीवर, रखरखीत उन्हात, काका एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पाइप धरून आपली डिश भिजवत उभे होते.