राहण्याचा पुरावा

शाळेतून पडताळणीला आलेल्या बाईंनी सगळ्यात आधी बाथरूम पाहिलं. आरशाखाली ब्रश ओळीने लावलेले होते. त्यातला छोटा गुलाबी ब्रश रंगाऱ्याने सकाळीच मुद्दाम नळाखाली धरला होता. बाईंनी त्याला बोट लावलं, तो ओला लागला, आणि त्या बाहेर आल्या.

रंगाऱ्याचा जीव भांड्यात पडला. घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. त्याचं स्वतःचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथल्या शाळेतल्या एकेका वर्गात ही एवढी पोरं कोंबलेली. त्याची लेक बबडी त्या वर्गात नुसती बसून असायची. तिला ऐकायला कमी येतं. कानांत यंत्रं आहेत, पण गोंगाटात ती असून नसल्यासारखी. इथल्या शाळेत तिच्यासारख्या मुलांसाठी वेगळा छोटा वर्ग होता आणि शिकवणाऱ्या वेगळ्या बाई होत्या. पण नियम म्हणजे नियम. मूल याच भागात राहणारं हवं, आणि शाळेचा माणूस घरी येऊन ते बघणार.

मग काय, रंगारी कंबर कसून कामाला लागला होता. जन्मभर लोकांच्या जुन्या भिंती नव्या करणाऱ्या माणसाने इथे उलटा धंदा केला. दाराच्या चौकटीवर बबडीच्या उंचीच्या खुणा काढल्या आणि खालच्या खुणा अंगठ्याने घासून जुन्या केल्या. बैठकीच्या भिंतीवर तिच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर मळकट बोटं उमटवली.

"अरे, गेल्या वर्षी तूच रंग दिलास ना या भिंतीला?" बहीण कळवळली होती.

"म्हणून तर! एवढ्या स्वच्छ भिंतीच्या घरात पोर राहतं, हे कुणाला खरं वाटेल?"

बाईंनी चौकट पाहिली, भिंत पाहिली. "कुठे झोपतेस गं?" असं त्यांनी बबडीला विचारलं. बबडीने त्यांच्या ओठांकडे नीट बघून घेतलं आणि पढवल्याप्रमाणे खिडकीजवळची खाट दाखवली. उशीखालून बाहुलीसुद्धा काढून दाखवली, ते कुणी पढवलेलं नव्हतं. रंगारी मनातल्या मनात सुखावला. पोर हुशार आहे, हे तो सगळ्यांना सांगायचा, पण ऐकतो कोण!

बाई खुर्चीवर टेकल्या. उन्हातून आल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. बबडीकडे वळून त्या म्हणाल्या, "बाळा, जरा गार पाणी देतेस का मला?"

बबडी पळाली. फ्रीज समोरच होता. तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग ती आत्याजवळ आली, तिच्या कानाला लागली आणि हळूच विचारलं. पण स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्या लेकराला कुठला असायला! तिचं हळूच म्हणजे शेजारच्या घरातसुद्धा ऐकू जायचं.

"आत्या, तुझा फ्रीज उघडू?"

"अगं वेडाबाई, विचारतेस काय? उघड की!" आत्या हसली, पण नको तेवढ्या मोठ्याने हसली.

रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याच्या घरी विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे बबडी चालायला लागल्यापासून त्यानेच तिच्या मनावर ठसवलं होतं. त्याची सगळी हयात परक्या घरांत गेली होती. लोक कामाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. या घरात कसं वागायचं ते सगळं त्याने तिला पुन्हा पुन्हा शिकवलं, पण हे एवढं विसरायला सांगायचं त्याला सुचलंच नाही.

बबडीने दोन्ही हातांनी धरून ग्लास आणला. बाई सगळं पाणी प्यायल्या आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मुलीला वळण छान लावलंय," त्या हलकेच म्हणाल्या.

रंगारी धीर करून म्हणाला, "बाई, तिथं तिला काही कळत नाही हो. फळ्याकडे बघत बसते नुसती."

"दिसतंय मला. पण माझ्यानंतर आणखी एक साहेब फेरी मारतात. मी होकार लिहिला, तरी ते नाव काढून टाकतील." बाईंनी पेन काढलं. "पत्ता खोटा, असं लिहिलं तर तुम्हाला परत कधीच अर्ज करता येणार नाही. घर बंद होतं, असं लिहिते. पुढच्या वर्षी बघा."

"पुढच्या वर्षी तिला त्या वर्गात घेणार नाहीत, बाई. वयाची अट आहे."

"माहीत आहे," असं म्हणून बाई उठल्या.

जाताना त्या बबडीपुढे वाकल्या, तिला ओठ दिसतील असा चेहरा समोर धरला आणि सावकाश म्हणाल्या, "छान. छान मुलगी आहेस हं तू."

दार लागलं. बहीण काही काम नसताना स्वयंपाकघरात गेली. बबडी उड्या मारत बापाजवळ आली.

"बाबा, बाई छान म्हणाल्या! मिळाली ना मला शाळा?"

रंगाऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बाई रस्ता ओलांडत होत्या.

"नाही गं, राणी," तो म्हणाला.

मागून बबडी त्याचा सदरा ओढत होती.

"बाबा, माझ्याकडे बघून बोल ना."