उघडा कोड

हेमांगीने अखेर संदेश टाकलाच, ‘यापुढे मी हे काम पाहू शकणार नाही.’ अंधांना मराठी मजकूर वाचून दाखवणारं ते मोफत सॉफ्टवेअर तिने नोकरी सांभाळून कित्येक वर्षं एकटीने चालवलं होतं. आता बाळंतपण तोंडावर आलं होतं. लोक चिडतील, याची तिने मनाची तयारी ठेवली होती.

दुपारी लातूरहून फोन आला.

“मॅडम, मी दिगंबर पाटसकर. अंधशाळेत शिकवतो, मलाही दिसत नाही.”

“सर, माफ करा, पण मला आता खरंच...”

“अहो, माफी कसली? सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना उघडाच आहे ना? आम्ही चौघं वर्षभर तो शिकतोय. तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. आमच्याकडे सोपवाल?”

हेमांगीला रडूच फुटलं. सर घाबरले. “काही चुकलं का?”

“नाही हो. कुणीतरी हे विचारावं, याची वाट बघतच इतकी वर्षं रेटत होते.”

बाळ महिन्याचं झालं तेव्हा मोबाइलवर तक्रार आली, जोडाक्षरं चुकीची वाचली जातायत. ती सवयीने उठायला गेली, तोवर खाली लातूरहून उत्तर उमटलं होतं, ‘दुरुस्त केलंय, बघा.’

हेमांगीने मोबाइल पालथा ठेवला आणि बाळाशेजारी आडवी झाली.