कोंड्याने घासलेला व्हरांडा

सीडी तीन, बांबूच्या काड्या दोन, दुधाचं रिकामं खोकं एक, बाटलीचं झाकण एक, दोरा ब्याण्णव सेंटिमीटर, चिकटपट्टी थोडी आणि बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली स्प्रिंग एक. एवढ्यात नागिसाची गाडी झाली होती. व्हरांड्यात माणसं नऊ : ती, कुरोकी बाई आणि बेटावरचे सात म्हातारे. शाळेत विद्यार्थी एक. तीच.

बारा वाजता शाळेला कायमचं कुलूप लागणार होतं.

साठ वर्षं इथली सहावीतली मुलं शाळा सोडताना घरच्या वस्तूंची गाडी करत आली होती. या टोकाच्या दारातून सोडायची, त्या टोकाच्या भिंतीपर्यंत पोचवायची. एकाचीही पोचली नव्हती.

"माझी चौदा मीटर गेली होती," गेंझो आजोबा म्हणाले.

"त्यातले पाच मीटर तू फुंकर मारत होतास," तोमे आजी म्हणाल्या. "मी बघितलंय."

नागिसाने गाडी सोडली. मागची चाकं गरगर फिरली. गाडी जागच्या जागी थरथरली, अर्धा मीटर सरकली आणि तिरकी होऊन थांबली. चाकं फिरतच राहिली.

तिने खाली पाहिलं. लाकडात तिचा चेहरा दिसत होता. शाळेचा शेवटचा दिवस म्हणून काल हे सातही जण तांदळाच्या कोंड्याच्या पुरचुंड्या घेऊन आले होते आणि दुपारभर गुडघ्यांवर बसून व्हरांडा घासत होते; कोंड्यातल्या तेलाने लाकूड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यांना चहा तिनेच नेऊन दिला होता.

तोमे आजींनी हळूच विचारलं, "पोरी, आम्ही जरा जास्तच घासलं का गं?"

बाईंनी तोंड उघडलं, पण नागिसा आधी बोलली.

"नाही आजी. गाडीलाच घाई झालीय."

अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. ती मांडी घालून बसली. मागच्या चाकांच्या काडीला गुंडाळलेला दोरा स्प्रिंग ओढायची, म्हणजे चाकं फिरायची; त्या काडीवर तिने चिकटपट्टी गुंडाळून ती जाड केली होती, गाडी जोरात सुटावी म्हणून. तो जोरच आता चाकांना घसरवत होता. तिने नखाने पट्टी सोडवली. खाली उघडी काडी राहिली, तीन मिलिमीटर जाड. तिच्यावर ती दोरा गुंडाळू लागली. आधी अठ्ठेचाळीस वेढे बसले होते, आता सत्त्याण्णव बसले.

गाडी पुन्हा दारात ठेवली. बोट काढलं. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली.

काहीच झालं नाही.

"मेली," गेंझो आजोबा म्हणाले.

"गप रे. चाकावरची अक्षरं बघ," तोमे आजी म्हणाल्या.

सीडीवर छापलेली अक्षरं वर चढत होती. मग उतरायला लागली. गाडी चालत होती. आवाज नव्हता, घसरण नव्हती. इतक्या गुळगुळीत लाकडावर तिला अडवायलाही काही नव्हतं.

सगळे पायमोजे घातलेल्या पायांनी तिच्या बाजूने निघाले. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, पुढचं टाकायचं. पहिलीचा वर्ग गेला. दुसरीचा गेला. तिसरीच्या दाराशी गाडी चौदा मीटरच्या पुढे गेली, तेव्हा गेंझो आजोबांनी तोंडावर तळहात दाबून धरला. पाचवीच्या दाराशी तोमे आजी श्वास घ्यायला विसरल्या आणि मग एकदम खोकल्या. कुणी हसलं नाही.

सहावीच्या वर्गापुढे दोरा संपला. काडी मोकळी झाली. आता स्प्रिंगचं काही उरलं नव्हतं, तरी गाडी जातच होती, आणखी हळू, आणखी हळू. ती भिंतीला टेकून थांबली की केसभर आधी, ते नवांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

कुरोकी बाई पोटावर आडव्या झाल्या. त्यांनी वहीचा एक कागद फाडला आणि गाडीचं नाक आणि भिंत यांच्यामध्ये सरकवून पाहिला. कागद आत गेला नाही. दुसऱ्या बाजूनेही गेला नाही.

त्या उठल्या नाहीत. तशाच पडल्या पडल्या त्याच कागदावर लिहिलं : भिंतीपासून अंतर शून्य. वेळ चार मिनिटं अकरा सेकंद.