मरून टिकली

जळगावच्या आमच्या पहिल्या खोलीत नवं म्हणावं असं काहीच नव्हतं. केळीच्या वखारीतले जुने क्रेट रचून मी मांडणी केली, माहेरच्या दोन साड्यांचे पडदे शिवले. आरसा मात्र नवऱ्याने, प्रेमराजने, लग्नाआधीच जुन्या बाजारातून आणून टांगला होता आणि त्याच्या कोपऱ्यात एक मोठी मरून टिकली चिकटलेली होती. मी बारीक काळी लावते. "ही कोणाची?" मी विचारलं. "आरशाबरोबरच आली असेल," तो म्हणाला. मी टिकली काढली नाही. पुरावा कोण फेकतं? गेल्या मंगळवारी सकाळी ती डाव्या कोपऱ्यात होती, संध्याकाळी दवाखान्यातली ड्युटी संपवून आले तर उजव्या. मंगळवारी त्याला सुट्टी असते. "आज कोण आलं होतं?" "आई. एरंडोलहून वांगी घेऊन आली होती." वांगी खरंच होती, पण सासूबाई काही टिकली लावत नाहीत. आज पुन्हा मंगळवार. मी दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. तो पंख्याखाली घोरत होता. आणि आरशासमोर सासूबाई उभ्या होत्या, सासरे गेल्यापासून आठ वर्षं कोऱ्या राहिलेल्या कपाळावर ती मरून टिकली लावून. मला पाहताच त्यांनी ती झटकन काढली. "आरसावर बठ्ठी धूळ शे माय," त्या पुटपुटल्या. "पुसा ना, आई," मी म्हणाले आणि त्यांच्याकडे पाठ करून चहा ठेवला. मुद्दाम मंद आचेवर.