मास्तरांच्या गालावरचा तीळ

दगडावर उलटं काढलं की कागदावर सुलटं उमटतं, हे डोक्यात शिरायला बाकीच्यांना वर्ष लागलं होतं. कळव्याच्या परशुरामाला ते आठवड्यात जमलं, तेव्हाच शिळाछाप शिकवणाऱ्या थॉमस मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. हा नक्की दुसऱ्याकडून काढून आणतो! म्हणून आज मास्तरांनी त्याला समोर बसवून आपला, म्हणजे मास्तरांचाच, चेहरा काढायला लावला.

छाप निघाला. गालावरचा तीळ उजवीकडे.

"सापडलास, लबाडा! उलटं काढायचं विसरलास. चालता हो वर्गातून!"

जेवण घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने, थेरेसाने, कागद हातात घेतला. "अहो, हुबेहूब तुम्हीच की!"

"काहीतरीच! रोज सकाळी बघतो मी, तीळ डावीकडे असतो."


"तुम्ही आरशात बघता. मी तुम्हाला बघते."